अख्खा पाडा बाटलीत

कसाऱ्याजवळ महामार्ग सोडून आमची जीप खोडाळ्याच्या रस्त्याला लागली, तसे सरांनी गमबूट चढवले. बाहेर फाल्गुनातलं ऊन, ओढ्यांच्या नुसत्या रेघा उरलेल्या, पळस पेटलेले, आणि आमचे सर गुडघ्यापर्यंत काळ्या रबरात.

"सर, अजून गाव यायचंय," मी म्हटलं.

"बाई, हा किडा कातडीतून आत शिरतो. नाव सांगून येत नाही," सर म्हणाले आणि त्यांनी पायाच्या घामाने चिकटलेले मोजे आतल्या आत हलवले.

मी कोण, ते सांगते. मी शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. माझी उभी हयात लोकांच्या लघवीत गेली असं माझ्या सासूबाई पाहुण्यांसमोर सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. मूत्राशयाचा कर्करोग झाला की पेशींमधली काही जनुकं बिघडतात आणि ते बिघाड लघवीत उतरतात. त्या खुणा शोधायच्या, हे माझं काम. त्या खुणांवरून रोग्याचं पुढे काय होणार ते आधीच सांगता येईल का, हा सरांचा अभ्यास. आफ्रिकेत, नाईल नदीच्या काठाला एक किडा असतो. गोगलगायीतून पाण्यात येतो, पाण्यातून माणसात शिरतो, मूत्राशयाच्या भिंतीत अंडी घालतो, आणि वर्षानुवर्षं ती जखम चिघळून तिचा कर्करोग होतो. परदेशातल्या मोठ्या लोकांचं त्यावर काम चालू आहे. आपल्याकडेही असं काहीतरी असावं, अशी सरांची फार इच्छा होती. आता कुणाच्या इच्छा कशा असतील ते आपण काय सांगणार!

इच्छेसाठी त्यांनी मोखाडा तालुका निवडला. का? तर तिथे डोंगर आहेत, ओढे आहेत, गरीब माणसं आहेत. म्हणजे किडा असणारच.

दिवाळी झाल्यावर आमच्याकडचे दोन तरुण खोडाळ्यापलीकडच्या एका पाड्यावर (डोंगरातली छोटी वस्ती) जाऊन बाटल्या वाटून आले होते. प्रत्येक बाटलीवर एकेकाचं नाव. हे दोघे शाळेच्या ओट्यावर सावलीत बसले आणि दुपारपर्यंत बाटल्या भरून परत आल्या. एकही कमी नाही. "काय शिस्त आहे!" सर म्हणाले होते. पुढे मी तपासणी केली आणि चक्रावलेच. झाडून सगळ्या बाटल्यांत कर्करोगाच्या खुणा. तीच जनुकं, त्याच जागी, त्याच तऱ्हेने बिघडलेली. किड्याचं अंडं मात्र औषधालाही नाही.

"सर, इतकं सारखं कसं असेल? सख्ख्या भावांचं नसतं," मी म्हटलं.

"हेच तर नवं आहे! ही स्थानिक किड्याची सही आहे."

"पण किडा कुठाय?"

"लपलाय," सर म्हणाले. त्यांचं परदेशातलं भाषण तोवर अर्धं लिहून झालं होतं. आता फक्त रोगी बघायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि त्यांची प्रकृती किती खालावली ते टिपून आणायचं, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो. मी मात्र रात्रभर झोपले नव्हते. अख्खा पाडा कर्करोगाने पोखरलेला, आणि आम्ही कॅमेरा घेऊन चाललोय!

खोडाळ्याच्या बाजारात चहाला थांबलो. टपरीवर तळलेल्या भज्यांचा घाणा निघत होता. सुकट, मिरच्या, पत्र्याच्या बादल्या, मोहाची वाळती फुलं, सगळं एकाच ओळीत मांडलेलं. सरांनी स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि चहावाल्याला त्याच पाण्यात चहा करायला लावला. चहावाल्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा गमबुटांकडे पाहिलं. "सायेब, पाऊस जूनला येतो," एवढंच तो म्हणाला.

इथेच सुनंदा आमच्या गाडीत बसली. ती त्या पाड्याची आशाताई. मी तिचा हात धरून हळूच विचारलं, "लोक कसे आहेत गं?"

"बरे हायेत. शिमग्याला वीटभट्टीवरनं सगळी आल्येत. काल कबड्डी खेळले, ढोपरा फोडून घेतली."

कर्करोगाने ग्रासलेला पाडा कबड्डी खेळतो हे ऐकून सरांनी वहीत "रोगाची लक्षणे उशिरा दिसतात" असं लिहिलं.

पाड्यावर पोचलो तेव्हा बायका झऱ्यावरून डोक्यावर हंडे घेऊन चढ चढत होत्या. सरांनी शाळेच्या अंगणात सगळ्यांना गोळा केलं. किड्याची अंडी लघवीत उतरायची तर भर दुपारी आणि तीही अंगमेहनत केल्यावर, असं पुस्तकात आहे. म्हणून सरांनी जाहीर केलं, की प्रत्येकाने आधी थोडा व्यायाम करावा. जागच्या जागी उड्या माराव्यात. ते स्वतः मारून दाखवू लागले. गमबूट फच फच वाजत होते.

हंडा उतरवून श्वास घेत उभ्या असलेल्या एका म्हातारीने, तिचं नाव जानी, सुनंदाला विचारलं, "याला काय झाला?"

"डॉक्टर हाय."

"मंग याला कुनी दाखवला का?"

हसून हसून बायकांनी पदर तोंडाला लावले. मीही तोंड फिरवलं. शेवटी उड्या माफ झाल्या आणि या खेपेला माझ्या देखरेखीखाली एकेक जण शाळेमागे जाऊन बाटली भरून आणू लागला. बाटलीत पट्टी बुडवायची. लघवीत डोळ्यांना न दिसणारं रक्त असलं तरी ती रंग बदलते. पहिली पट्टी साफ. दुसरी साफ. महादू नावाचा गडी आला, ज्याच्या बाटलीत मागे मला सगळ्यात ठळक खुणा दिसल्या होत्या. बैलासारखा माणूस, ढोपराला कबड्डीची जखम. त्याचीही साफ. सर पट्ट्यांची मुदत बघू लागले.

सगळ्यांत शेवटी जानीआजीचा नवरा आला, लखमाबाबा. हडकुळा, अंगात जुना बुशशर्ट, कानावर विडी. त्याने बाटली माझ्या हातात दिली. पट्टीची गरजच नव्हती. बाटलीत कोकमाच्या सरबतासारखं लाल पाणी होतं.

"बाबा, हे असं कधीपासून?"

"येतं नि जातं. मागल्या पावसात एकदा झाला. मंग गेला. मंग परत आला. दुखत नाय काय. उष्णता हाय. जानी काढा देते." आणि मग जरा नाराजीने, "पर या टायमाला एकच बाटली का दिली? मागं तर लय दिल्या व्हत्या."

मी बाटली खाली ठेवली. "मागे लय म्हणजे? तुम्ही भरल्यात?"

"मंग कोन भरंल?" बाबाला माझ्या बुद्धीची कीव आली असावी. तो पायरीवर बसला आणि समजावून सांगू लागला. दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो. धडधाकट माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. मागे जो राहतो तो सगळ्यांची घरं राखतो. महादूच्या कोंबड्यांना दाणा घालायचा, सोमाच्या घरचा दिवा लावायचा, कुणाची शेळी व्यायली तर बघायची. ज्याचं जे काम पडेल ते त्याच्या नावाने करायचं. गेली काही वर्षं बाबाच्याने भट्टीवर काम होत नाही, म्हणून पाडा राखणं त्याच्याकडे. "तुमची पोरं आली. म्हनली, या बाटल्या या या मानसांच्या. मानसं तर नाय. मंग मीच भरल्या. जानीनं हंडाभर पानी पाजला मला. एक पन रिकामी नाय दिली!"

"अरे, पण ते नाव महादूचं होतं!" सर ओरडले.

"नाव त्याचा, काम माझा," लखमाबाबा शांतपणे म्हणाला. "बोहाड्यात महादूकडं रावनाचा सोंग हाय. एक साल तो भट्टीवर अडकला, तवा मीच रावन नाचलो. देव नाय कोपला. तू कशाला कोपतो?"

बोहाडा म्हणजे मुखवटे लावून देवा-राक्षसांची सोंगं नाचवण्याचा इथला उत्सव. आणि या लोकांच्या घरच्या बोलीत अहो-जाहो नाही. सरांना 'तू' म्हणणारा माणूस बहुधा त्यांच्या आईनंतर पहिलाच भेटला असावा. ते मटकन बाकावर बसले. स्थानिक किड्याची सही कानावरची विडी काढून शिलगावत होती.

मला आधी हसू फुटलं. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अख्खा पाडा वाचला होता हो! मग माझी नजर त्या लाल बाटलीवर गेली आणि हसू जागीच विरलं. खुणा खोट्या नव्हत्या. त्या सगळ्याच्या सगळ्या एकट्या या माणसाच्या होत्या.

"सर, बाबांना आजच जव्हारला न्यायला हवं."

सर टोपीने वारा घेत होते. "न्या ना. रीतसर कागद होऊ द्या, चिठ्ठी द्या, जातील ते. पण हा रोगी आपल्या अभ्यासात बसत नाही. किडा नाही, वस्ती नाही. नुसता एक विडी ओढणारा म्हातारा. असे शहरात पैशाला पासरी."

इतकी वर्षं मी सरांपुढे मान खाली घालून काम केलं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. "अभ्यासात नाही बसत तर गाडीत बसतील," मी म्हटलं आणि मागच्या सीटवरचा त्यांचा कॅमेरा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. गाडीत जागा करायची म्हणून नमुन्यांसाठी आणलेली बर्फाची पेटी टपावर गेली. सर गमबूट जवळ घेऊन पुढे बसले. मागे लखमाबाबा, जानीआजी, सुनंदा आणि मी.

मोखाड्याचा बाजार मागे टाकून जव्हारचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना राब भाजलेली (भातरोपांसाठी पालापाचोळा जाळून तयार केलेली) काळी वावरं होती. जानीआजीने फडक्यातून नागलीची (नाचणीची) भाकर आणि लसणीची चटणी काढली आणि सगळ्यांच्या हातावर तुकडा ठेवला. सरांनाही दिला. सकाळपासून बिस्किटांवर असलेल्या सरांनी तो खाल्ला, आणि थोड्या वेळाने हात पुन्हा मागे केला.

जव्हारला सर म्हणाले, "तोवर मी राजवाडा बघून येतो." आम्ही दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टर लहानशी मुलगी होती, पण कामाची पक्की. सोनोग्राफीत तिला मूत्राशयाच्या भिंतीवर गाठ दिसली. ती मला म्हणाली, "मॅडम, दुखत नाही ना, त्यामुळेच माणूस फसतो. गाठ भिंतीत खोल गेली नसेल तर दुर्बिणीतून खरवडून काढता येते. उशीर केला तर मात्र अवघड होईल. शहरात न्या, लगेच."

बाबाला सांगितलं तर तो उठून उभाच राहिला. "मी नाय येत. शिमगा झाला. परवा समदी परत भट्टीवर जातील. पाडा कोन राखंल?"

"अरे बाबा, जीव जाईल तुझा!" मीही अरे-तुरेवर आले.

"मंग जाऊ दे. कोंबड्या उपाशी ठेवून मी खाटंवर झोपू? लोक काय म्हनतील?"

मी विनवलं, रागावले, दरडावलं. जानीआजी भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती. हाताशी असलेला उपाय वाया चाललेला डोळ्यांनी बघणं फार वाईट. मला तर बाबाला बखोटीला धरून न्यावंसं वाटत होतं. शेवटी सुनंदाने पाड्यावर फोन लावला. तिच्या घरच्या बोलीत ती दोनच वाक्यं बोलली आणि फोन बाबाच्या कानाला लावला. पलीकडून महादूचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू येत होता.

"बाबा, तू माझा रावन नाचला, माझी बाटली भरली. मी यंदा भट्टीवर जात नाय. पाडा मी राखतो. तू जा!"

बाबाने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मग म्हणाला, "काळी कोंबडी खुडूक हाय, अंड्यांवर बसल्ये. तिला डिवचू नको." आणि तो निघाला.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. रक्ताची गरज लागेल, नातेवाइकांपैकी कोणी देणारं असेल तर बोलवा, असं तिथे सांगितलं. मी सुनंदाला कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या दारात वीटभट्टीवरची सगळी मंडळी उभी! अंगावर लाल धूळ तशीच. सोमा पुढे होऊन मला म्हणाला, "म्याडम, बाबा म्हातारा हाय. सोसनार नाय त्याला. त्याच्या बदली मीच झोपतो टेबलावर. चालंल ना?"

मी काय सांगणार त्याला? "टेबलावर बदली चालत नाही रे सोमा," मी म्हटलं. "पण रक्त चालतं." तर रक्तपेढीत बाह्या वर करून रांग लागली. रक्त दिल्यावर मिळालेली बिस्किटं त्यांनी बाबाच्या उशाशी आणून रचली.

गाठ वरवरची निघाली. डॉक्टरांनी ती काढली, मूत्राशयात औषध सोडलं, विडी बंद केली आणि बजावलं, की हा रोग परत फिरून येतो, तेव्हा ठरल्या वेळी तपासणीला यायचं म्हणजे यायचं. बाबा घरी गेला.

आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत तपासणीची वेळ आली. बाबा आला नाही, जव्हारहून येणाऱ्या माणसाच्या हाती बाटली आली. त्यावर सुनंदाच्या अक्षरात बाबाचं नाव होतं. मी तपासली. एकही खूण नाही. लख्ख! मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. आणि टाळी वाजवता वाजवता माझे हात थांबले.

ही बाटली भरली कोणी?

पुढच्याच रविवारी मी स्वतःच्या पैशाने कसाऱ्याला उतरले आणि माणसांनी खच्चून भरलेल्या जीपने खोडाळ्याला पोचले. पाड्यापर्यंत चिखल तुडवत जाताना एक चप्पल त्यात गेली ती गेलीच. सरांचे गमबूट तेव्हा खरे हवे होते. लखमाबाबा वावरात गुडघाभर चिखलात उभा राहून रोपं लावत होता. मला बघून हसला.

"बाबा, खरं सांग. ती बाटली कुणाची?"

बाबाने महादूकडे पाहिलं. महादूने बांधाकडे.

"आवनी चालली व्हती," महादू पुटपुटला. "बाबाला येळ नव्हता."

मी जे काही बोलले ते छापता येणार नाही. बोलता बोलता रडूच आलं मला. भर पावसात, एका पायात चप्पल, बांधावर उभी राहून मी रडले. "हे एक काम तुझ्या बदली कुणी करायचं नाही, बाबा. बाकी सगळी करा. रावण नाचा, कोंबड्या राखा. हे एवढं तुझं तू!"

बाबा मुकाट्याने वावरातून वर आला. हात धुतले. मी दिलेली बाटली घेऊन घरामागे गेला. मी पाठ करून, छत्री धरून, आडोशाला उभी राहिले. "म्याडम, ऐकतेस ना?" तो मागून ओरडला. "ऐकतेय, बाबा!" मी ओरडले. अख्खी आवणी थांबून हसत होती.

त्याने आणून दिलेली बाटली कोमट होती. परतीच्या वाटेवर ती मी मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "मध का?" मी मान डोलावली.

सोमवारी मी ती तपासली. मग पुन्हा एकदा तपासली. सर दारातून डोकावले. "काही सापडलं?"

"काही नाही, सर."

"अरेरे," सर म्हणाले. "म्हणजे यात छापण्यासारखं काही नाही." आणि ते गेले. म्हणून मग मीच हे लिहायला बसले.

त्याआधी सुनंदाला फोन लावला. तिने तो वावरात नेला आणि तिथे तो हातोहात फिरला. महादूने विचारलं, सोमाने विचारलं, जानीआजीने दोनदा विचारलं, आणि प्रत्येकाला मी ओरडून सांगितलं, की काही नाही, बाबा साफ आहे! शेवटी फोन बाबाकडे आला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे," तो म्हणाला, "समद्या पाड्याचा साफ."